पाठकोरं चित्र

माझ्या कामाला नावं ठेवणारी माणसं मला आजवर काही कमी भेटलेली नाहीत. त्यातल्या बहुतेकांचे चेहरेही आता आठवत नाहीत. पण जिनं नावं ठेवावीत म्हणून मी रत्नागिरीहून नाटे गावापर्यंत अडीच तास एसटीत उभ्यानं जात होते, आणि एखाद्या खेपेला तिनं काहीच चूक काढली नाही तर परतीच्या बसमध्ये हिरमुसून बसत होते, अशी बाई एकच. मरियमचाची. कॉम्प्युटर हा शब्द ती शेवटपर्यंत 'कंप्यूटर' असा नाकात म्हणायची आणि तो चालतो कसा हे तिनं मला एकदाही विचारलं नाही. पण त्यातून निघालेलं चित्र हातात घेतलं की दोन मिनिटांत माझी आठ दिवसांची मेहनत उघडी पाडायची.

मी मुंबईहून इंटिरियरचा कोर्स करून दोन हजार साली रत्नागिरीला परत आले होते. घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि दारावर पाटी. तेव्हा अशी चित्रं आमच्याकडे कुणी पाहिलीच नव्हती. भिंती, फरशी, खिडकी, पडदे सगळं कॉम्प्युटरमध्ये उभं करायचं, दिवे कुठे ते सांगायचं, आणि मग त्याला म्हणायचं, आता रंगव. सकाळी नऊला लावलेलं चित्र संध्याकाळी सहाला पूर्ण व्हायचं, आणि मध्ये लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. चित्र वरून खाली एकेक पट्टी उमटत यायचं. मी जेवणाचं ताट घेऊन त्याच्यासमोर बसायचे. येणारेजाणारे विचारायचे, "हा फोटो कुठल्या हॉटेलचा?" मग मी काय, हवेतच होते. फोटो नाही, मीच केलंय, हे सांगताना मला इतका आनंद व्हायचा की समोरच्याला चहा पाजूनच सोडायचे.

अशात एक दिवस कुवेतहून फोन आला. बोलणारा इम्तियाज. नाट्याचा. तिथं कुणाकडून तरी माझा नंबर मिळालेला. गावात चिऱ्याचं घर बांधलंय, भिंती उभ्या आहेत, स्लॅब पडलाय, पण आत काहीच नाही, दोन वर्षं तसंच पडलंय, असं म्हणाला. "तुम्ही हॉलचं चित्र करा. अम्माला दाखवा. ती पसंत करील ते मला पसंत. मग ती माझ्याकडे पाठवील."

मी म्हटलं, "तुम्ही येऊन एकदा प्रत्यक्ष..."

"घर झालं की येतो," तो म्हणाला. हे वाक्य तो इतक्या सवयीनं म्हणाला की मला तेव्हाच जरा चमत्कारिक वाटलं होतं. पण पहिलं परदेशातलं काम! मी दुसरा विचार केला नाही.

चाची म्हणजे त्याची आई. बुटकी, अंगानं काटक, डोक्यावरून घट्ट पदर. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिच्या जागी मासेमारीच्या जाळ्याचा निळा दोरा कानाला गुंडाळलेला. नवरा तांडेल होता, मचवा घेऊन मासेमारीला जायचा, त्याला जाऊन दहा वर्षं झालेली. नव्या घराच्या शेजारीच जुनं कौलारू घर होतं, त्यात ती एकटी राहायची. अंगणात सोललेल्या कोळंबीचे सोडे वाळत घातलेले असायचे आणि तिच्या हातात कावळे हाकायची काठी. पुढे पुढे मला ती काठी माझ्यासाठीच आहे असं वाटायला लागलं.

पहिलं चित्र घेऊन गेले तेव्हा मी मनातल्या मनात भाषण तयार करून गेले होते. हॉलचा एक कोपरा, समुद्राकडची मोठी खिडकी, खिडकीतून फरशीवर पडलेलं ऊन, भिंतीवर घड्याळ, कोच, काचेचं टीपॉय. चकचकीत कागदावर छापून, गुंडाळी करून, छातीशी धरून नेलेलं. चाचीनं हात पदराला पुसले, चित्र घेतलं, आणि आधी उलटं केलं. मागं काही नव्हतं.

"मागची बाजू कोरीच?"

"हो चाची. छापतात एकाच बाजूला."

"येवढा जाडा कागद. वाया गेला." मग तिनं ते सुलट केलं, नाकाजवळ नेलं, लांब धरलं. मी वाट बघत होते, आता म्हणेल फोटो कुठला.

"ह्यां घड्याळ चालू हाय?"

"म्हणजे?"

"दहा वाजलेत ह्यात. आणि ऊन खिडकीतना आत आलां. ही खिडकी समुद्राकडची ना? सकाळी दहा वाजता समुद्राकडनं ऊन येतां? का तू समुद्र फिरवलास गो बाय?"

तोंडात मारल्यासारखं झालं. घड्याळाचं चित्र मी कुठून तरी उचलून भिंतीवर चिकटवलेलं, त्यात वाजलेत किती हे पाहिलंसुद्धा नव्हतं. रत्नागिरीत जवळजवळ पन्नास माणसांनी ते चित्र पाहिलं होतं, एकाच्या लक्षात आलं नव्हतं. मी म्हटलं, घड्याळ काढून टाकते. तर म्हणाली, "काढू नको. पाच वाजव. असरची नमाज झाली की ऊन तिथवर येतां, त्या कोपऱ्यापर्यंत." आणि मला हाताला धरून शेजारच्या नव्या घरात घेऊन गेली. प्लास्टर नसलेल्या त्या लाल भिंतींमध्ये, मातीच्या जमिनीवर, तिनं काठीनं एक रेघ ओढली. "हय."

मी पाच वाजेपर्यंत थांबले. ऊन बरोबर त्या रेघेवर येऊन टेकलं. मला इतकं हसू फुटलं, आणि इतका आनंद झाला, की शेवटची एसटी चुकली असती तरी चाललं असतं.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी माझी फेरी सुरू झाली. चाचीची पद्धत ठरलेली. आधी कागद उलटा करून मागची बाजू बघायची, "अजून कोरीच?" म्हणायचं, मग सुलट. चष्मा कपाळावर चढवायचा, एक डोळा मिटायचा. आणि बोटानं चित्रावर टकटक करायचं. ज्या जागी टकटक झाली ती जागा गेली म्हणून समजावं.

खिडकीच्या कड्या मी स्टीलच्या, लखलखीत दाखवल्या होत्या. टकटक. "ह्या कधी लावल्या?"

"लावल्या नाहीत अजून चाची, चित्र आहे."

"चित्रातसुद्धा समुद्र समोर हाय ना? दोन पावसाळ्यांत असल्या कड्यांचा भुगा होतो. थोडा गंज घाल."

गंज! ज्या धंद्यात सगळं नवंकोरं, चमचम दिसावं म्हणून आम्ही जीव टाकतो, तिथं ही बाई मला गंज लावायला सांगत होती. मी घरी येऊन कडीच्या खालच्या टोकाला तांबूस कड दिली, भिंतीवर ओघळाची एक फिकट रेघ ओढली. संध्याकाळी सहाला चित्र पूर्ण झालं आणि मी खुर्चीतून उठून उभीच राहिले. ती कडी आता हात लावला तर गार लागेल अशी दिसत होती. मी आईला हाक मारून बोलावलं. आई म्हणाली, "काय झालं? कडीच आहे ना?" तेच तर! कडीच होती!

मग नमाजाची चटई. कोपऱ्यात चटई असावी ही तिचीच सूचना, पण मी ती भिंतीला समांतर, टापटीप अंथरली होती. टकटक. "ही अशी नाय. थोडी उजवीकडं वळव, मक्केकडं."

"भिंतीला तिरकी दिसेल."

"दिसूंदे. भिंती काय किब्ल्याला विचारून बांधल्या? गोपाळमेस्त्रीनं बांधल्या." गोपाळमेस्त्री म्हणजे तिचं घर बांधणारा गवंडी, तो तेव्हा ओटीवर बसून चहा पीत होता. त्यानं मान वर करून सांगितलं, "चाची, तवा तुमी बोलला असता तर आख्खां घर वळवलां असतां." चाची म्हणाली, "तू वळवलां असतंस आणि मग सांगितलां असतंस, समुद्र सरकला." दोघंही हसत सुटले. मी ती चटई हातभर वळवली, आणि खरं सांगते, त्या तिरक्या चटईनं त्या खोलीत कुणीतरी राहायला आलं.

त्याच सुमारास मी आठवडा बाजाराजवळच्या सायबर कॅफेत जाऊन परदेशातल्या एका चर्चेच्या संकेतस्थळावर हे चित्र टाकलं होतं. तिथं जगभरची अशी चित्रं करणारी मंडळी एकमेकांच्या चुका काढायची. मला वाटलं, तज्ज्ञांचं मत घ्यावं. आठ दिवसांनी पाच-सहा उत्तरं आली. एकानं सावल्यांच्या कडांबद्दल लिहिलं, एकानं पडद्याच्या कापडाबद्दल. आणि कुणा परदेशी गृहस्थानं लांबलचक लिहिलं होतं, त्याचा मथितार्थ असा की सगळं उत्तम आहे पण खोली राहती वाटत नाही, कुणीतरी आत्ता उठून गेलंय असं वाटायला हवं. मी ते वाचून टेबलावर हात आपटला, शेजारचा माणूस दचकला. कारण आदल्याच शनिवारी चाची म्हणाली होती, "घर बरां हाय. पण ह्यात कोण हाय? मेल्यांनी दार उघडां टाकून गाव सोडला काय?" त्या गृहस्थांना दोन परिच्छेद लागले होते. मी त्यांना उत्तर लिहिलं की तुमचं मत मान्य आहे, आमच्याकडच्या तज्ज्ञांनीही तेच सांगितलंय.

माणूस कुठला घालायचा, हे विचारायला गेले तर ती म्हणाली, "माणूस नको. माणसाची वस्तू घाल." आणि मला जुन्या घरात नेऊन एकेक वस्तू दाखवायला लागली. आतापर्यंत ती माझ्या चुका काढत होती, आता ती चित्र भरायला लागली. तांडेलांची हातांची लाकडी खुर्ची, जिच्या उजव्या हातावर बिड्या विझवून विझवून काळा डाग पडला होता. हवामान ऐकायचा रेडिओ, पाठीमागून रबरानं बांधलेला. दारापाशी एक जोडी चपला, अंगठा तुटून शिवलेला. मी सगळ्यांचे फोटो काढले, मापं घेतली.

"ह्या चपला कुणाच्या?"

"इम्तियाजच्या. जाताना बूट घालून गेला, ह्या टाकून गेला."

"किती वर्षं झाली?"

"सहा." तिनं एक चप्पल हातात घेतली. "दोन वर्षांनी रजा मिळतां त्यांना. पण रजा घेतली नाय तर पैसे मिळतात. ते घरात घालतो. पाया झाला की येतो बोलला. मग स्लॅब पडला की येतो. मग आतलां काम झालां की येतो." तिनं चपलेवरची धूळ पदरानं पुसली. "चांगलाच हाय पोरगा. पण घर काय संपतां काय कधी?"

मी खाली बसून चपलेची लांबी मोजत राहिले.

खुर्ची मी खिडकीकडे तोंड करून ठेवली होती, समुद्र दिसावा म्हणून. टकटक. दाराकडे वळव. खुर्चीजवळ स्टुलावर कप होता. टकटक. "रिकामा कप कोण ठेवतां बाहेर? धुवून आत जातो. चाय घाल." चहा घातला. पुढच्या खेपेला पुन्हा टकटक. "गार झाली ही."

"चित्रात गरम कशी दाखवू चाची?"

"वाफ येते ना गो! चित्रवाली हायस ना तू?"

त्या वाफेनं माझा जीव घेतला. त्या काळात वाफ करणं म्हणजे महाकर्मकठीण. चार दिवस माझी वाफ कधी कापसासारखी दिसायची, कधी कपाला आग लागल्यासारखी. पाचव्या दिवशी संध्याकाळी पट्टी पट्टी करत चित्र खाली आलं, आणि कपावर, असरच्या उन्हात, वाफेचा एक बारीकसा धागा उभा राहिला. मी ओरडले. शेजारच्या काकू धावत आल्या. अजूनही इतक्या वर्षांत मी तेवढं चांगलं चित्र केलेलं नाही, आणि ते कुणामुळे हे मला पक्कं ठाऊक आहे.

ते घेऊन नाट्याला गेले. चाचीनं आधी मागची बाजू पाहिली. मग पुढची. चष्मा वर, एक डोळा मिटलेला. मी टकटकीची वाट बघत होते. बोट वर उचललं गेलं, खुर्चीवर आलं, आणि तिथंच हलकेच टेकून राहिलं. बराच वेळ. शेवटी म्हणाली, "ह्यां नेतां मी." आणि चित्र आत घेऊन गेली. चूक एकही नाही! मी हिरमुसून परत आले. आपली परीक्षा संपली याचं दुःख होणारी मी पहिलीच असेन.

कुवेतला परत निघालेल्या एका गावकऱ्याच्या बॅगेतून, सोड्यांच्या पुडीबरोबर, ते चित्र गेलं. नाट्यातून कुणीही निघालं की त्याच्या बॅगेत साऱ्या वाडीच्या पुड्या जायच्या, हा रिवाजच होता.

तीन आठवड्यांनी फोन वाजला. इम्तियाज. आवाज नुसता उतू चाललेला. "मॅडम, काय घर केलंत! फोटो बघून रूममधली सगळी पोरं गप्प झाली. बाबांची खुर्चीपण पॉलिश न करता तशीच ठेवलीत, बरं केलंत. मी रजा टाकली. बारा दिवसांनी येतो."

मी "हो हो" म्हणाले आणि फोन ठेवला. मग तो शब्द पुन्हा आठवला. फोटो?

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं नाटे. चाची अंगणात कावळे हाकत होती.

"चाची, घोटाळा झालाय. त्यांना तो फोटो वाटलाय! त्यांना वाटतंय घर पूर्ण झालंय! तुम्ही सांगितलं नाहीत का, चित्र आहे म्हणून?"

"त्यानं विचारलां नाय," चाची म्हणाली.

"अहो, पण ते बारा दिवसांनी येताहेत! इथं प्लास्टरसुद्धा नाही. आल्यावर मला फसवी म्हणतील, माझं नाव कुवेतपर्यंत खराब होईल!"

"कोण येतो?"

"इम्तियाज!"

"परत बोल."

"इम्तियाज येताहेत. बारा दिवसांनी."

तिच्या हातातली काठी खाली गेली. दोन कावळे येऊन सोडे घेऊन गेले तरी तिनं पाहिलं नाही. मग पदर खोचला आणि हाक मारली, "गोपाळ!"

गोपाळमेस्त्रीनं सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "चाची, बारा दिसांत आख्खा हॉल नाय होणार. प्लास्टरच सुकणार नाय."

चाची आत जाऊन माझं एक जुनं चित्र घेऊन आली, चुका काढून ठेवून घेतलेलं. त्याच्या चारी कडांवरून बोट फिरवलं. "आख्खा कोण बोलतां? ह्यात दिसतां तेवढां होईल?"

मी आणि गोपाळमेस्त्री चित्रावर वाकलो. चित्रात दिसत होता फक्त कोपरा. दोन भिंतींचे तुकडे, एक खिडकी, आणि सुमारे दहा बाय आठ फूट फरशी. मला एकदम स्फुरण चढलं. उलटं काम! आतापर्यंत घरावरून चित्र करत होतो, आता चित्रावरून घर, आणि तेही फक्त चौकटीपुरतं. मी मातीत चुन्यानं रेघ मारली, चित्र जिथं संपतं तिथं. रेघेच्या आत काम, रेघेच्या बाहेर काही नाही. गोपाळमेस्त्री आधी म्हणाला, लोकं हसतील. दुसऱ्या दिवशी स्वतःच मला दटावत होता, "ताई, ही टाइल अर्धीच कापायची, चित्रात अर्धीच हाय."

बारा दिवस मी घर सोडून नाट्याला राहिले. आम्ही तिघंही वेड लागल्यासारखे कामाला लागलो होतो. खिडकीच्या कड्या नव्या आल्या, तर चाचीनं त्यांना रोज सकाळ-संध्याकाळ समुद्राचं पाणी लावलं. दहाव्या दिवशी गंजाची कड दिसायला लागली तेव्हा तिनं मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं, जणू घरात पोर उभं राहायला शिकलं. भिंत अजून ओलसर होती, रंग जेमतेम धरला होता. शेवटच्या दिवशी खुर्ची आली, रेडिओ आला, घड्याळ आलं. चटई तिनं स्वतः अंथरली, मला हात लावू दिला नाही. चपला दारापाशी.

तो दुपारनंतर आला. वळणावर रिक्षाचा आवाज ऐकला आणि चाची चुलीकडे पळाली. इम्तियाज बॅगा टाकून थेट नव्या घराकडे आला. मला वाटलं होतं रुबाबदार कुणी असेल. तो सडपातळ, थकलेला, कानशिलांवर पांढरे झालेला माणूस होता. मी आणि गोपाळमेस्त्री भिंतीला चिकटून उभे. तो दारात आला आणि थबकला.

समोर तो कोपरा होता. पाच वाजायला आले होते. ऊन चाचीनं काठीनं दाखवलेल्या जागी टेकलं होतं. स्टुलावर कप होता, आणि कपातून वाफ निघत होती.

त्यानं वाकून बूट काढले आणि त्या शिवलेल्या चपला पायांत घातल्या. चालत गेला आणि खुर्चीत बसला. उजवा हात त्या काळ्या डागावर ठेवला. मग त्यानं मान वळवली, आणि त्याला बाकीचं दिसलं. चुन्याच्या रेघेपलीकडे उघडे लाल चिरे, मातीची जमीन, वाळूचा ढीग, त्यावर घमेलं.

त्यानं शर्टाच्या आतून घडी घातलेला कागद काढला. माझंच चित्र. सोड्यांचा वास तिथपर्यंत आला. त्यानं ते उलटं करून माझ्यापुढे धरलं. मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या बॉलपेननं, शाळा चौथीत सुटलेल्या माणसाच्या मोठ्या, वेगळ्या वेगळ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'घर झालां. आता काय राहिलां नाय. ये.'

इतके महिने ती त्या मागच्या बाजूकडे का बघत होती ते मला तेव्हा कळलं. मी सगळा वेळ पुढची बाजू रंगवत होते.

चाची दारात उभी होती, पदराला हात पुसत.

"अम्मा," तो म्हणाला, "ह्यां खोटां लिहिलंस तू."

"सहा वर्षां तू लिहितंस, घर झालां की येतो," ती म्हणाली. "त्यां खरां होतां?"

त्यानं कागदाची घडी घातली.

"चाय घे. गार होतां," चाची म्हणाली.

मी बाहेर आले आणि माडाला टेकून मनसोक्त रडले. गोपाळमेस्त्री मला समजावत होता आणि त्याचेच डोळे भरले होते. आतून थोड्या वेळानं हसण्याचा आवाज आला, आधी त्याचा, मग तिचा. मला फसवी कुणी म्हटलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी इम्तियाज लुंगी लावून गोपाळमेस्त्रीच्या हाताखाली टाइल्स उचलत होता, आणि त्या रजेत उरलेला हॉल त्यानं स्वतः उभा राहून पुरा केला. चुन्याच्या रेघेवर जोड आला, तिथं टाइलच्या रंगात किंचित फरक पडला. मी म्हटलं, बदलून घेऊ. चाची म्हणाली, "राहूंदे. दिसूंदे."

रजा संपली आणि तो परत गेला. जावं लागतंच. पण मग तो दर दोन वर्षांनी यायला लागला, आणि पुढे कायमचा आला. चाची गेली तेव्हा तो घरात होता, तिच्या उशाशी. हे मला त्यानंच फोन करून सांगितलं, आणि ऐकताना दुःखाबरोबर मला एक विचित्र समाधानही वाटलं. ते तिनं स्वतः मिळवलेलं होतं.

मला मात्र ती शेवटची दिसली ती त्याच्या आधी, तो अजून कुवेतलाच असताना. तिनं निरोप पाठवून बोलावलं होतं. वरच्या मजल्यावरची खोली करायची होती. खरं तर वरचा मजलाच नव्हता, नुसता स्लॅब होता. ती चढून गेली आणि काठीनं दाखवत राहिली. इथं पलंग. इथं आरसा. आणि ह्या कोपऱ्यात पाळणा.

"पाळणा? चाची, इम्तियाजचं अजून लग्न कुठं झालंय?"

"तू चित्र कर. आणि पाळण्याची दोरी थोडी मळकी दाखव. नवी दोरी खोटी दिसतां."

मी केलं. पंधरा दिवसांनी घेऊन गेले तर ती एसटीच्या थांब्यावरच येऊन बसली होती. तिथंच चित्र उघडलं. मागची बाजू, पुढची बाजू. एक डोळा मिटून. टकटक: पाळण्याजवळची खिडकी अर्धी लाव, वारा लागल. मी म्हटलं, पुढच्या खेपेला करून आणते. तर म्हणाली, "नको. आज रात्री वाडीतला हनीफ कुवेतला निघतो, त्याच्या बॅगेत घालायचां."

माझी बस सुटायला आली. मी चढले, खिडकीपाशी बसले. ती खिडकीखाली येऊन उभी राहिली आणि हात वर केला.

"बाय, पेन हाय काय गो?"

मी पर्समधलं पेन काढून दिलं. बस हलली. मागच्या काचेतून मी बघत राहिले. तिनं पाळण्याचं चित्र थांब्याच्या कट्ट्यावर पालथं घातलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर डावं कोपर दाबलं, निळा दोरा कानाला घट्ट केला, आणि वाकून, एकेक अक्षर सुटं सुटं काढत, लिहायला लागली.